मूळ घर

पद्मजा मगदूमने पडद्यावरची वेल पुन्हा एकदा तपासली. पुन्हा एकदा वेलीचं मूळ पद्मजाच्या स्वतःच्या गल्लीतच निघालं.

मिरजेच्या जंतुशोध केंद्रात दुपारची शांतता होती. मागच्या पंधरवड्यात गावातल्या एका प्रसूतिगृहात तीन बायका दगावल्या होत्या. तिघींचीही बाळंतपणं सुखरूप झाली होती, मुलं धडधाकट होती. मग ताप चढला. नेहमीचं औषध लागू पडलं नाही, त्याच्या वरचंही पडलं नाही, आणि कुलपातलं राखीव इंजेक्शन मंजूर होऊन येईपर्यंत वेळ निघून गेली होती. तिघींच्या रक्तात एकाच घराण्याचा जंतू सापडला. ते घराणं कुठून निघालं, हे शोधायचं काम पद्मजाकडे आलं होतं.

जंतू वाढतो म्हणजे दुभंगतो, एकाचे दोन होतात. दर वेळी त्याला आपल्या आतला सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो आणि उतरवताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या पिढ्या इमानेइतबारे गिरवत राहतात. दोन जंतूंच्या चुका शेजारी ठेवून पाहिल्या, की त्यांचा पूर्वज किती पिढ्यांमागे एक होता ते सांगता येतं. ‘वंशवेल’ हे यंत्र हेच करायचं, फक्त लाखो जंतूंसाठी आणि काही तासांत. त्याला नमुने पुरवायला शहरातल्या गटारांच्या चेंबरमध्ये छोट्या पेट्या बसवलेल्या होत्या. त्या सांडपाण्यातले जंतू टिपायच्या आणि आणखी एक गोष्ट टिपायच्या. अँटिबायोटिकच्या प्रत्येक गोळीत आता एक निरुपद्रवी खूण घातलेली असे. ती पोटात विरघळत नसे, सरळ गटारात उतरे. कोणाच्या नावावर दिलेली गोळी कोणत्या गल्लीत गिळली गेली, हे त्यावरून कळायचं.

पद्मजाच्या गल्लीतल्या चेंबरमध्ये तिथे न राहणाऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या खुणा होत्या. कुणी जतचा, कुणी कुपवाडचा, एक तर मागच्या साली वारलेला. त्या गल्लीत कुणीतरी गावभरच्या उरल्यासुरल्या गोळ्या गोळा करत होतं आणि वाटत होतं. तशा विखुरलेल्या गोळ्यांच्या जोरावर तिथेच हा जंतू घडला होता.

गल्लीत मोजकीच घरं होती. कोणतं घर, हे पद्मजाला यंत्राने सांगायची गरज नव्हती.

ती घरी पोहोचली तेव्हा तिचे वडील बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. बाळगोंडा मगदूम, सगळ्या गल्लीचे तात्या. उभा जन्म एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून गेलेला. डॉक्टर गेले, दवाखाना बंद पडला, पण लोकांनी तात्यांकडे यायचं थांबवलं नाही. समोर वैजयंता उभी होती, पलीकडच्या घरातली. तिच्या कडेवरची चिमुरडी कान धरून मुसमुसत होती.

“सकाळ-संध्याकाळ अर्धी अर्धी दे,” तात्या स्टीलच्या डब्यातून गोळ्या काढत सांगत होते. “दुधातनं. दुखायचं थांबलं की बंद कर, उगाच पोरीच्या पोटाला त्रास नको. आणि राहिलेल्या तेवढ्या परत आणून दे बरं का, वैजू. कुणाच्या तरी उपयोगी पडतील.”

“देवासारखे आहात बघा तात्या,” वैजयंता म्हणाली. पद्मजाला बघून ती ओशाळं हसली आणि निघून गेली.

डब्यात तापाच्या, खोकल्याच्या साध्या गोळ्या असतात अशी पद्मजाची समजूत होती. डबा तिने कधी उघडला नव्हता. उघडायचं सुचलं नव्हतं की उघडायचं नव्हतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आज तिने तो तात्यांच्या हातातून घेतला. आत अर्ध्या, पाऊण पट्ट्या रबराने बांधून ठेवलेल्या होत्या. तिच्या ओळखीची बहुतेक सगळी अँटिबायोटिक्स तिथे होती.

“तात्या, हे तुम्ही वाटता?”

“वाटतो म्हंजे? कुणाचं दुखतंय-खुपतंय तर देतो. डॉक्टरकडं गेलं की आधी चाचणी, मग दोन दिवस थांबा, मग ते म्हणणार गोळी लागत नाही. तवर लेकरानं रडत बसायचं?”

“लागत नाही म्हणतात, कारण खरंच लागत नाही. वैजूच्या पोरीचा कान सर्दीने दुखत असेल तर या गोळीचा त्याला काडीचा उपयोग नाही.”

“मग अपाय तरी काय?”

पद्मजा त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसली. एवढी वर्षं ती हेच काम करत होती आणि घरात हे कधी बोलली नव्हती.

“आपल्या पोटात कोट्यवधी जंतू असतात, तात्या. बहुतेक आपल्या उपयोगाचे. गोळी घेतली की ते मरतात. पण त्यांच्यात लाखांत एखादा असा असतो की त्या गोळीने तो मरत नाही. बाकीचे मेले की सगळं पोट त्याला मोकळं. गोळी खरोखरच लागत होती, नेमकी होती, डॉक्टरने सांगितली तेवढी घेतली, तर तो धोका पत्करावा लागतो, कारण माणूस वाचतो. पण उगाच घेतली, दुसऱ्याची घेतली, अर्धीमुर्धी घेतली, तर हाती काहीच लागत नाही, फक्त तो एक जंतू माजतो. एका घरात तो एका औषधाला दाद देईनासा झाला, दुसऱ्या घरात दुसऱ्याला. आणि जंतू ही विद्या एकमेकांना देतात. ज्याच्या पोटात तो आहे त्याला काही होत नाही, पत्तासुद्धा लागत नाही. पण बाई बाळंत झाली, कुणाचं ऑपरेशन झालं, की तो रक्तात शिरतो.”

तात्या ऐकत होते. कंपाउंडरने डॉक्टरांचं ऐकावं तसं, मान खाली घालून.

“त्या दवाखान्यातल्या बायका,” ते शेवटी म्हणाले. “पेपरात आलेल्या.”

“हो.”

“त्यातली एक इथं माहेरपणाला आली होती. कोपऱ्यावरच्या घरात. लघवीला जळजळ होते म्हणून आईसंगं आली होती माझ्याकडं.” त्यांनी डब्याकडे पाहिलं. “मी तिला चार गोळ्या दिल्या.”

तात्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते.

“आता काय करायचं?” त्यांनी विचारलं.

करण्यासारखं एक होतं. पोटात दडलेल्या नेमक्या त्या जंतूला खाणारे विषाणू केंद्रात तयार होत होते. त्यांचा एक डोस प्यायला की आठवड्याभरात पोट साफ होई. पण तो जंतू कोणाकोणाच्या पोटात आहे, हे कळायला हवं होतं. गटारातली पेटी गल्लीपर्यंत आणून सोडत होती. पुढची वाट माणसांच्या तोंडून कळायची, कारण शौचाची चाचणी कुणावर जबरदस्तीने करता येत नव्हती. आणि माणसं तोंड उघडतील की नाही, याची पद्मजाला धास्ती होती.

धास्तीचं कारण होतं तो कायदा. काही वर्षांपूर्वी माणसं साध्या गुडघ्याच्या ऑपरेशनलाही घाबरायला लागली होती. दाढ काढायला गेलेला माणूस परत येईल याची खात्री उरली नव्हती. तेव्हा जी दोन-तीन औषधं अजून काम करत होती ती सरकारने कुलपात ठेवली आणि सांगितलं, ज्या घरात अँटिबायोटिकचा गैरवापर सापडेल त्या घराला पाच वर्षं राखीव औषध मिळणार नाही. देणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही. कायदा झाला तेव्हा पद्मजानेसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या.

“मी सांगतो लोकांना,” तात्या उठत म्हणाले. “माझं ऐकतील.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तात्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी चढवली आणि ते पहिल्या घरापासून निघाले. पद्मजा सोबत होती. कोणाला कधी काय दिलं ते सगळं तात्यांच्या डोक्यात होतं.

पहिल्या घरी चहा झाला. तात्यांनी येण्याचं कारण सांगितलं तसा घरमालकाने कप खाली ठेवला.

“तात्या, काहीतरी गफलत होतेय तुमची. आम्ही कुठं घेतल्या तुमच्याकडनं गोळ्या?”

“अरे, तुझ्या पायाला गळू झालं होतं. दिवाळीत.”

“ते आपोआप फुटलं की.” त्याने पद्मजाकडे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या केंद्राच्या ओळखपत्राकडे. पद्मजा ते काढायचं विसरली होती. आता काढून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या घरी दार अर्धंच उघडलं. तिसऱ्या घरी सून म्हणाली, सासूबाई झोपल्यात. सासूबाईंचा आवाज आतून येत होता. तात्या प्रत्येक ठिकाणी तेच बोलत होते, पण दर घरागणिक त्यांचा आवाज खाली जात होता.

वैजयंता दारातच उभी राहिली.

“वैजू, अगं काल संध्याकाळी…”

“काल मी आलेच नव्हते तात्या.” तिची नजर तात्यांवर नव्हती. “पद्माताई, माझ्या सासऱ्यांचं बायपास व्हायचंय पुढच्या महिन्यात. आम्ही कसल्याच गोळ्या घेतलेल्या नाहीत. लिहायचं असेल तर तसं लिहा.”

“मी काही लिहायला आले नाही, वैजू. पोरीला ती गोळी देऊ नकोस एवढं तरी कर. कान दुखायचा राहिला नाही तर दवाखान्यात ने.”

“कसली गोळी?” वैजयंता म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

रस्त्यात तात्या थांबले. एका हाताने त्यांनी विजेच्या खांबाचा आधार घेतला. “काल मला देव म्हणत होती,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. कोड्यात पडल्यासारखे बोलले ते.

संध्याकाळी मात्र गल्लीतलीच शबाना सतारमेकर आपणहून आली. तिच्या घरी सतारी बनवायचं काम चालायचं. नवऱ्याच्या बोटांना कायमचा पॉलिशचा रंग. तिला आठवा महिना लागला होता. तिने मागचं दार ठोठावलं आणि आत येऊन सरळ विचारलं, “तात्या, मला घसा दुखतोय म्हणून दिल्या होत्या त्या गोळ्या. मला काही होणार का? बाळाला?”

“तपासायला लागेल, पोरी,” तात्या म्हणाले.

“तपासा. मी ऐकलंय त्या तिघींचं.”

पद्मजाने नमुना घेतला. सोमवारी दुपारी वंशवेलीवर शबानाची फांदी उगवली, तिघी बायकांच्या फांद्यांना अगदी लागून.

डॉक्टर ग्लोरिया साळवी केंद्राच्या प्रमुख होत्या. कमी बोलणारी, सरळ वागणारी बाई. पद्मजाने त्यांना सगळं सांगितलं. वडील, डबा, बंद दारं, शबाना. साळवी खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या.

“मूळ घराचं नाव आज भरावंच लागेल,” त्या म्हणाल्या. “नाव न भरता मूळ ‘अनिश्चित’ म्हणून सोडता येतं, हे तुलाही माहीत आहे. मी तुला थांबवणार नाही. पण मूळ अनिश्चित असलं की त्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाला कुठल्याही दवाखान्यात संशयाने वेगळं ठेवायचा हुकूम निघत नाही. मग पुढचं बाळंतपण पुन्हा तसंच.”

“आणि शबाना?”

“ती घेणारी आहे. तिचं नाव भरलं तर पाच वर्षं राखीव औषध नाही. आणि जंतू तिच्या पोटात असताना ती बाळंत होणार.”

“खरं बोलली ती एकटीच.”

साळवी खिडकीपासून वळल्या. मग म्हणाल्या, “तिचा नमुना अजून फक्त तुझ्या-माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. तो बिननावाचा राहू दे. तिला डोस पाज. बाळंतपणाला वेगळ्या खोलीत मी ठेवीन, कारण विचारलं तर माझ्यावर सांगेन. पण मूळ घराबाबत मी काही करू शकत नाही, पद्मजा. खुणा सगळ्या तिथेच जातात.”

पद्मजा यंत्रापुढे बसली. पडद्यावर रिकामी चौकट होती. घरून निघताना तात्यांनी तिला दारात थांबवून सांगितलं होतं, “माझं नाव घालताना मागं-पुढं बघू नको. मी दिल्या, मी देणारा.” तिने नाव टंकलं. मगदूम बाळगोंडा. पत्ता टंकायला तिला काही आठवावं लागलं नाही. चौकट हिरवी झाली, आणि त्याच क्षणी तिच्या खिशातला फोन थरथरला. तिच्या घराचं आरोग्य कार्ड लाल झालं होतं. राखीव औषध बंद, तात्यांचं आणि तिचंही.

पुढच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाला जंतूच्या इशाऱ्याची पाटी लागली. केंद्राची माणसं दारोदार डोस घेऊन फिरली. पद्मजाने आणि तात्यांनी घेतला, शबानाने घेतला. बाकी कुणी घेतला नाही. डोस घेणं म्हणजे गोळ्या घेतल्याची कबुली, असं गल्लीत कुणीतरी बोललं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं. गोळ्यांच्या खुणा मात्र चेंबरमध्ये येतच राहिल्या. लोकांनी घरात दडवलेल्या गोळ्या आता घाईने संपवायला घेतल्या होत्या. वंशवेलीवर एक नवी फांदी सांगलीत फुटली. मग एक कोल्हापुरात.

शबाना वेगळ्या खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली. ताप आला नाही. तिच्या नवऱ्याने पेढे आणून दिले तेव्हा तात्यांनी एक पेढा हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी तात्यांना हुडहुडी भरली. लघवी अडत होती, हे त्यांनी लपवलं होतं. डोसाने पोट साफ झालं होतं, पण जंतू त्याआधीच खाली मूत्रमार्गात जाऊन बसला होता आणि तिथे डोस पोहोचत नाही. पद्मजाने त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. वंशवेलीने घराणं सांगितलं. तरुण डॉक्टरने राखीव इंजेक्शनची मागणी घातली आणि पडद्याकडे बघत राहिला.

“मॅडम, तुमचं कार्ड…”

“माहीत आहे,” पद्मजा म्हणाली.

साळवींनी वरपर्यंत फोन लावले. उत्तर एकच येत होतं: एका घराला सूट दिली की कायदा संपला. पद्मजा खाटेशेजारी बसून होती. कुलपातलं इंजेक्शन त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होतं, आणि त्याच्यापर्यंत जाणारं दार तिने स्वतःच्या बोटांनी बंद केलं होतं. नाव भरलं नसतं तर प्रसूतिगृहात आणखी कुणीतरी दगावली असती, हे तिला कळत होतं. कळून काही हलकं होत नव्हतं.

तात्या तापात जुन्या दवाखान्यातल्या पेशंटांना हाका मारत होते, त्यांना आत सोडत होते. शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, “वैजूच्या पोरीचा कान बरा झाला का गं?”

“बरा झाला,” पद्मजा म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

तात्या गेले तेव्हा सगळी गल्ली आली. पाटी असूनही आली. शेजारणींनी किटलीतून चहा आणला, घरात चूल पेटणार नव्हती म्हणून पिठलं-भाकरी झाकून ठेवली. ओसरीवर बसायला जागा उरली नाही. तात्यांनी कुणाचा ताप उतरवला, कुणाच्या आईला शेवटपर्यंत इंजेक्शनं दिली, याच्या आठवणी निघाल्या. गोळ्यांचा विषय कुणी काढला नाही. पद्मजा भिंतीला टेकून प्रत्येकाचं तोंड बघत होती. यातल्या कोणाकोणाच्या पोटात ते घराणं वाढत होतं, हे आता कुणीच तोंड उघडून सांगणार नव्हतं.

वैजयंता तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन रडू लागली. ते रडणं खरं होतं. तिच्या मांडीवरची मुलगी आज खेळत नव्हती. आईच्या पदरात डोकं खुपसून पडून होती. गाल लालबुंद होते.

पद्मजाने तिच्या कपाळाला हात लावला. हात भाजला.

“वैजू,” ती अगदी हळू म्हणाली. “हिला किती दिवस ताप आहे?”

“कालपासनं.”

“त्या गोळ्या हिला दिल्या होत्यास का? मला खरं सांग. मी कुठे लिहिणार नाही, तात्यांची शपथ. डॉक्टरला नुसतं सांगावं लागेल, कोणतं औषध आधी झालंय ते. त्यावर सगळं अवलंबून आहे.”

वैजयंताने डोळे पुसले. ओसरीवरची बोलणी थांबली होती. पहिल्या घरचा मालक, दार अर्धंच उघडणारा शेजारी, झोपलेली म्हणून सांगितलेली सासू, सगळे इकडेच बघत होते. वैजयंताने एकेकाकडे पाहिलं. मग तिने मुलीला छातीशी घट्ट ओढून घेतलं.

“नाही हो पद्माताई,” ती म्हणाली. “दात येतायत तिला.”